सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ : खाचा आत्ताच भरून घ्याव्यात का?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो. माझ्या मुलीला नुकतेच सहावे वर्ष पूर्ण झाले असून तिच्या खालच्या जबड्यात उजवीकडे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, नवी दाढ फुटू लागली आहे. तिचा एकही दात अजून पडलेला नाही. त्यामुळे ही दाढही दुधाचीच आहे आणि पुढेमागे पडणारच आहे, असे घरातील वडीलधाऱ्यांचे ठाम म्हणणे आहे.

दंतवैद्यांनी मात्र ही पहिली कायमची दाढ असल्याचे सांगितले. दुधाचे २० दात जिथे संपतात त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत ती साधारण ६ ते ७ व्या वर्षी येते, म्हणून तिच्यासाठी आधी कोणताही दात पडावा लागत नाही. दुधाच्या दाढा पडतात त्या ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान, आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात; दुसरी कायमची दाढ ११ ते १३ व्या वर्षी, तर अक्कलदाढ बहुधा १७ नंतर. थोडक्यात, आत्ता येणारी ही दाढ किडली तर तिच्या बदल्यात दुसरी यायची नाही, आणि मला काळजी आहे ती याचीच.

दाढेचा पुढचा भाग वर आला आहे, परंतु मागच्या भागावर हिरडीचा पातळ पदर अजून तसाच आहे. जेवणानंतर टॉर्च लावून पाहिले की त्या पदराखाली भाताचे शीत अडकलेले दिसते. शेजारच्या दाढेपेक्षा ती बुटकी असल्याने सरळ फिरवलेला ब्रश तिच्या माथ्याला लागतच नाही. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घातला तरच तो तिथवर पोहोचतो. गुऱ्हाळे सुरू झाली की आमच्याकडे भाकरीबरोबर काकवी आणि येता-जाता गुळाचा खडा असतोच, आणि ते चिकट गोड नेमके दाढेच्या खोल खाचांत बसते. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन रात्रीचे दात मी स्वतः घासून देते.

खाचा सीलंटने, म्हणजे कीड लागू नये म्हणून लावायच्या पातळ संरक्षक थराने, भरून घ्याव्यात, असे दंतवैद्यांनी सुचवले आहे. मात्र त्यासाठी दाढ कोरडी ठेवावी लागते आणि हिरडी मागे सरकेपर्यंत ते अवघड आहे. तोपर्यंत ओलसरपणा सहन करणारे ग्लास आयोनोमर (दात भरायचे एक सिमेंट) तात्पुरते भरता येते, असेही ते म्हणाले. ज्यांनी मुलांसाठी असे करून घेतले आहे त्यांनी ते कितपत टिकले हे कृपया सांगावे. पूर्ण दाढ वर यायला तुमच्या मुलांना साधारण किती महिने लागले? आणि इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या दाढांना सीलंट लावण्याची सोय आहे का, याची कोणास खात्रीशीर माहिती असल्यास तीही जरूर द्यावी.