ओझोन, ऑस्मियम आणि 'ओझो'

ओझोन हा वायू आणि ऑस्मियम हे मूलद्रव्य, या दोघांची नावं एकाच ग्रीक क्रियापदावरून आलीत का असा प्रश्न पडतो, तर हो, एकच. जुन्या ग्रीकमधलं 'ओझो' म्हणजे वास येणे किंवा मारणे, आपण वास घेतो त्याला वेगळं क्रियापद होतं, 'ओस्फ्राइनोमाइ'. क्रियापदाचा मूळ धातू 'ओद्', त्याला य लागून वर्तमानकाळात झ झाला, पण पूर्णकाळात 'ओदोदा' म्हणताना तो द परत बाहेर येतो. 'वास' हे नाम आधी 'ओद्मे', मग अथेन्सकडे 'ओस्मे'. लॅटिनचं 'ओदोर' इथलंच भावंड. आणि 'दुसोदेस' म्हणजे दुर्गंधी, त्यातला 'दुस्' आपल्या दुस्-दुर् चाच नातेवाईक, ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते!

कशाचा वास ते षष्ठीत सांगायचं, म्हणजे अगदी आपल्या 'दारूचा वास मारतोय' सारखं. प्राचीन ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकातला खेडवळ म्हातारा सांगतो की लग्नाच्या रात्री माझ्या अंगाला द्राक्षारसाचा गाळ, वाळत घातलेली अंजिरं, लोकर असला वास येत होता आणि शहरी बायकोला मात्र अत्तर न् केशराचा. बायबलमध्ये मेलेल्या लाझरसच्या थडग्यापाशी त्याची बहीण मार्था म्हणते, चार दिवस झाले, आता 'ओझेइ' म्हणजे वास येतोय, तेच हे क्रियापद.

बाकी टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1803 मध्ये ऑस्मियम शोधला, त्याच्या ऑक्साइडला उग्र वास, म्हणून ते नाव, आणि ओझोन हे नाव शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या सुमारास ठेवलं, तेही वासावरूनच. ऑस्मोसिसचा (पातळ पडद्यातून पाणी झिरपण्याचा) मात्र यात काही संबंध नाही हां, तो ढकलणे या अर्थाच्या दुसऱ्याच शब्दावरून आलाय.