विषय: लाइड ११० स्कॅनरची उभी रेघ, आणि नवा स्कॅनर पाठवायचा का

प्रेषक: टोरांटो, मूळ निपाणी

नमस्कार मंडळी,

सीमाभागातल्या स्मरणिकांची पहिली पानं ड्राइव्हवर आली. बघून बरं वाटलं आणि लगेच कपाळाला आठ्याही पडल्या. प्रत्येक पानावर उजव्या अंगाला एक फिकट पांढरी उभी रेघ आहे, ती नेमकी अक्षरांवरून जाते. शिवाय एक पान पिवळट, दुसरं निळसर, तिसरं इतकं पांढरंफटक की कागद जुना आहे हेच कळू नये.

आपल्या मंडळाच्या खजिनदारांचं म्हणणं असं की जुन्या कॅनन लाइड ११० वर जीव काढण्यापेक्षा फीडरवाला नवा स्कॅनर घेऊन पाठवू. वर गठ्ठा ठेवायचा, खालून उचलायचा. कार्यकारिणीतल्या काहींनी लगेच माना डोलावल्या. मी म्हटलं, ठराव करण्याआधी तिथल्या माणसांना विचारू. बेळगावच्या सरांनी आणि खानापूरच्या बाईंनी स्पष्ट लिहावं, संकोच नको.

---

प्रेषक: बेळगाव, टिळकवाडी

नमस्कार.

नवा स्कॅनर नको. का नको ते सांगतो, थोडं लांबेल.

> उजव्या अंगाला एक फिकट पांढरी उभी रेघ

रेघ सगळ्या पानांवर एकाच जागी आहे, म्हणजे दोष कागदाचा नव्हे. खात्रीसाठी एकच पान सुलटं आणि मग उलटं ठेवून स्कॅन केलं. मजकूर फिरला, रेघ जागची हलली नाही. काचेवर धूळ असती तर पानावर ठिपका उठला असता, कारण सेन्सरची दांडी काचेखालून सरकत जाते आणि तो कण तिला वाटेत एकदाच भेटतो. वरपासून खालपर्यंत रेघ येते तेव्हा गडबड दांडीत असते, नाहीतर पांढऱ्या पट्टीत.

ही पट्टी वापरणाऱ्याला दिसत नाही. काचेच्या एका टोकाला, प्लॅस्टिकच्या चौकटीखाली ती असते. पान वाचण्याआधी दांडी तिच्याखाली जाऊन थांबते. दिवा बंद ठेवून एक वाचन, दिवा लावून दुसरं. दांडीवरच्या हजारो सेन्सरांपैकी कोणता मंद, कोणता तल्लख हे त्यावरून कळतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला आपापला गुणक येतो. कॅलिब्रेशन म्हणतात ते एवढंच. आता पट्टीपाशी धुळीचा कण बसला असेल, तर त्यासमोरच्या सेन्सरला पट्टी काळपट दिसते. ड्रायव्हर समजतो की हा सेन्सरच मंद आहे, याला चढवून घेऊ. मग अख्ख्या पानभर त्या जागी उजेड जास्त. म्हणून रेघ पांढरी. काळी असती तर मी आधी दांडीवर संशय घेतला असता.

ओळखीतल्या लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या पोराकडून चौकट खोलून घेतली. कण दिसला. हातपंपाने हवा मारून उडवला, मऊ कोरड्या कापडाने आतून काच पुसली. ओलं काही लावलं नाही. इथल्या पावसात आत गेलेला ओलावा बाहेर यायला फार वेळ घेतो.

आता गंमत अशी की पट्टी साफ झाली तरी रेघ तशीच! लिनक्सवर स्कॅनरचे मुक्त ड्रायव्हर सेन या प्रकल्पातून येतात आणि त्यात लाइड ११०चं काम जेनेसिस नावाचा बॅकएंड, म्हणजे त्या जातीच्या स्कॅनरांचा ड्रायव्हर, बघतो. तो केलेलं कॅलिब्रेशन वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये, सेन नावाच्या लपलेल्या फोल्डरात साठवून ठेवतो. मूळ मुदत ६० मिनिटांची असते. पण मुदतीच्या जागी उणे आकडा घातला की ती कधीच संपत नाही, आणि स्कॅन करणाऱ्या आपल्या पोरांनी वेळ वाचावा म्हणून तेच केलं होतं. धुळीच्या दिवशीचे गुणक त्यामुळे महिनोन्महिने चालू राहिले. साठवलेलं कॅलिब्रेशन पुसून टाकलं, मुदत परत ६० केली, पुढच्याच पानावर रेघ गायब. हे करताना एक ध्यानात ठेवायचं: रिझोल्यूशन किंवा रंगाचा प्रकार बदलला की कॅलिब्रेशन वेगळं साठतं. एकाच सेटिंगचं पुसून भागत नाही, सगळंच पुसायचं.

> एक पान पिवळट, दुसरं निळसर

हा मशीनचा दोषच नव्हे, हा तीन पोरांचा तीन तऱ्हांचा हात आहे. एकजण सिंपल स्कॅन या प्रोग्रॅममध्ये मजकूर निवडतो, दुसरी फोटो निवडते, तिसऱ्याला एक्ससेन या दुसऱ्या प्रोग्रॅममधलं आपोआप उजळ करणारं बटण आवडतं. प्रत्येकाला आपलं पान छान दिसतं आणि एका अंकात तीन रंगांचे कागद होतात. म्हणून आता कुणी खिडकी उघडून स्लायडर ओढायचा नाही. एक छोटी स्क्रिप्ट केली आहे, ती सेनची स्कॅनइमेज ही कमांड चालवते: ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), मजकुराची पानं ग्रे, मुखपृष्ठ आणि शिक्के असलेली पानं रंगीत, टिफ फाइल, उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट शून्यावर. पान ठेवायचं, एंटर दाबायचं, फाइलचा क्रमांक आपोआप पुढे जातो. कमांड जशाच्या तशा सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत, मेलमध्ये टाकल्या तर अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात.

जागेचा हिशेबही सांगून ठेवतो. ए-फोरचं पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं होतं. ग्रेमध्ये सुमारे ८.७ एमबी, रंगीत २६. तेच ६०० ला नेलं की चौपट. बारीक टायपातल्या जाहिराती आणि तळटिपा सोडल्या तर ६०० चा मोह नको.

काम सुरू करताना रोज एक कोरा पांढरा कागद स्कॅन करून बघायचा. शून्य (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात उजेड २४०च्या आसपास आला की ठीक. २५५ला टेकला तर समजा टायपाच्या बारीक वेलांट्या उडाल्या, आणि उडालेली वेलांटी नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. कागद पिवळा आहे तर पिवळाच येऊ दे. पांढरा करायचा तो प्रतीवर, मूळ टिफवर नव्हे.

राहिला फीडर. त्यात पान रबराच्या चाकांमधून ओढलं जातं. आपल्या स्मरणिका कसरीने खाल्लेल्या, गंजक्या पिनांच्या, कोपरा धरला तर हातात येणाऱ्या. एक पान अडकून फाटलं की त्या अंकाची दुसरी प्रत कुठून आणणार? आणि फीडरमध्ये सेन्सर जागेवर असतो, पान सरकतं, त्यामुळे काचेवरचा साधा कणही तिथे रेघ ओढतो. शिवाय फुजित्सूच्या काही लहान स्कॅनस्नॅप मॉडेलांना दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरचं आतलं सॉफ्टवेअर, द्यावं लागतं. सेनमध्ये बॅकएंड आहे, पण ती फर्मवेअरची फाइल त्यासोबत वाटता येत नाही, कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरमधून काढावी लागते. बेळगावात मी ते करून देईन. खानापुरात पावसाळ्यात रस्ता बंद असताना कोण करणार?

---

प्रेषक: म्युनिक

सर, पट्टीचं विवेचन आवडलं. दोन गोष्टी जोडतो.

स्कॅनर मधूनच दिसेनासा होत असेल तर तो निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून काढून साध्या पोर्टात लावून बघा, हब आणि लांब वायर तर नकोच. लाइडला वेगळा अडॅप्टर नाही, सगळी वीज त्या वायरीतूनच जाते. आणि मुख्य वापरकर्ता म्हणून दिसतो पण पोरांच्या लॉगिनमध्ये दिसत नाही, असं झालं तर ड्रायव्हर परत परत टाकत बसू नका. तो परवानगीचा प्रश्न आहे. ते लॉगिन स्कॅनर नावाच्या गटात घाला, बाहेर पडून पुन्हा आत या.

दुसरं, मुखपृष्ठांच्या रंगासाठी आयटी-८ चं, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकोनांचं, कार्ड मागवू का? आर्गिल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कार्ड स्कॅन केलं की ते मोजून स्कॅनरची रंगांची प्रोफाइल बनवतं.

---

प्रेषक: खानापूर

सगळ्यांना नमस्कार.

मी तांत्रिक काही लिहिणार नाही, सर लिहायलेत ते पुरे. वाचनालयात बसून जे दिसतं ते सांगते.

पोरं शाळा सुटल्यावर येतात आणि दिवेलागणीपर्यंत करतात. लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही. गेली की लॅपटॉप चालू राहतो, स्कॅनरही त्याच्यावरच चालतो, पण बाहेरची हार्डडिस्क मध्येच बंद पडते आणि फाइल अर्धीच राहते. तिला स्वतःची वीज लागते. मंडळाला काही पाठवायचंच असेल तर आधी त्याचं बघा.

दुसरी गोष्ट पिनांची. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली साहित्य संमेलनं आपल्याला माहीत आहेतच. गावोगावच्या अशा कार्यक्रमांचे कागद लोकांनी ट्रंकेतून काढून आणून दिलेत. ज्याच्या दोन प्रती आहेत त्याची पिन मी स्वतः काढते, पोरांना हात लावू देत नाही. एकच प्रत असेल तर पिन काढणार नाही, कुणी कितीही सांगो. पण मग मधल्या घडीतली अक्षरं धूसर येतात. जोरानं दाबलं तर पाठीचा कागद मोडतो. त्यावर उपाय सांगा.

तिसरं जरा नाजूक आहे. स्कॅनर आलाय म्हटल्यावर लोक घरचे कागद घेऊन यायलेत. आजोबांचा शाळेचा दाखला, जुने उतारे, आताची कन्नडमधली पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा. एक म्हातारे गृहस्थ मोडीतला कागद पिशवीत गुंडाळून घेऊन आले, तिठ्यावर बस सोडून चालत. त्यांना कागद वाचायचा नव्हता, फक्त "ह्यो जपून ठेवा बाई" एवढंच. यांना नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर तो कागद टोरांटोच्या ड्राइव्हवर जायचा का? माझ्या मते जाऊ नये.

---

प्रेषक: बेळगाव, टिळकवाडी

बाई, शेवटचं आधी. घरचे कागद अजिबात ड्राइव्हवर जाणार नाहीत. स्क्रिप्टमध्ये वेगळा पर्याय केलाय, तो निवडला की फाइल थेट त्या माणसाच्या पेनड्राइव्हवर उतरते, लॅपटॉपवर प्रत राहत नाही. सर्व्हे नंबर, वारसांची नावं, अंगठे, हे सगळं त्यात असतं. मंडळाचा हेतू चांगला असला तरी ते आपलं नव्हे.

घडीतली अक्षरं धूसर येतात कारण लाइडमध्ये सीआयएस सेन्सर आहे. काचेला चिकटलेला कागद तो स्पष्ट बघतो, काचेपासून थोडा जरी वर गेला की धूसर. यावर ड्रायव्हरमध्ये उपाय नाही. एकच प्रत असेल तर ती स्कॅनरवर ठेवूच नका. स्टँडवर मोबाइल लावून, अंक जेवढा सहज उघडतो तेवढाच उघडून, खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. त्या फाइलींच्या नावात फोटो असं लिहा, म्हणजे पुढे कुणी त्यांना स्कॅन समजणार नाही. पातळ न्यूजप्रिंटवर मागची छपाई उमटत असेल तर पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. पांढरं झाकण उजेड परत फेकतं, काळा कागद फेकत नाही.

पिन काढलेल्या अंकांत एक घोळ होतो. एका तावावर पहिलं आणि शेवटचं पान शेजारी असतं. पोरांनी ताव उलटत स्कॅन करू नये, आधी पानं क्रमाने लावायला शिकवा.

म्युनिकच्या दादांना: कार्ड मागवा, पण फक्त मुखपृष्ठांसाठी. काळ्या टायपाला त्याचा उपयोग नाही. आणि कार्डासोबत त्याच बॅचची मोजमापाची फाइल मिळते का ते बघून घ्या. तिच्याशिवाय ते नुसतं रंगीत चित्र.

स्कॅनमधला मजकूर वाचून घेण्यासाठी टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम लावतोय. निव्वळ मराठी अंकांना मराठी पुरतं. दाखल्यांवर दोन्ही लिप्या असतात, तिथे मराठी आणि कन्नड एकत्र द्यावं लागतं. मराठी एकटंच दिलं तर ते कन्नड अक्षरांना ओढूनताणून देवनागरी ठरवतं आणि भलतेच शब्द बाहेर येतात. मोडीचं त्याला काही वाचता येत नाही. त्या आजोबांचा कागद स्वच्छ ६०० ला स्कॅन करून त्यांच्या हातात द्या, मोडी जाणणारं माणूस मी बघतो.

---

प्रेषक: टोरांटो, मूळ निपाणी

ठीक. खजिनदारांशी बोललो. ते अजून फीडरचं नाव घेतात, पण कसरीने खाल्लेल्या पानाचा फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला. नवा स्कॅनर रद्द. त्याऐवजी खानापूरसाठी एक यूपीएस आणि दोन डिस्क. एक डिस्क वाचनालयात, दुसरी बेळगावात सरांकडे. खरेदी तिथेच करा, इथून पाठवली तर वॉरंटीचा उपयोग नाही. बिल मला पाठवा.

एक शंका राहिली. काही अंकांवर इसवी सन नाही, नुसतं शके आहे. फाइलच्या नावात काय घालायचं? शके १८७८ म्हणजे १९५६-५७ इथवर मला जमतं, पण महिना नसेल तर दोनपैकी कुठलं साल धरायचं?

---

प्रेषक: खानापूर

अंकावर जे छापलंय तेच घाला. शके असेल तर शके. इसवी सन शेजारी कंसात, दोन्ही सालं. पोरांना मी आजच सांगते.