‘एक्सचेंज म्हणजे श्रीमंतांची सहल’: खारघरकरांना उत्तर

घोडबंदरची आई
परवा खारघरकरांनी लिहिलं की विद्यार्थी एक्सचेंज म्हणजे श्रीमंत पोरांची सहा महिन्यांची सहल, ती बंद करा आणि सरकारने फक्त पदवीनंतरच्या वर्क व्हिसासाठी भांडावं. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पाचव्या सेमिस्टरला जर्मनीला गेली होती. तिचे बाबा वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर आहेत. कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी करार होता म्हणून तिथली फी माफ, पण राहण्याखाण्याचे पैसे आपलेच. महिन्याला ९९२ युरोप्रमाणे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो आधीच खात्यात दाखवावे लागले. एफडी मोडली, माझ्या पाटल्या मोडल्या. ही सहल?

तिथे ती पाच विषय पास झाली. परत आली तर कॉलेज म्हणतं, तीन विषयांचं सिलॅबस जुळत नाही, ते पेपर पुन्हा द्या. जाण्याआधी याच विषयांच्या यादीवर एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सही केली होती, शिक्क्यासकट. वर त्यांचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होऊन परीक्षा फेब्रुवारीअखेर संपतात आणि आपलं सहावं सेमिस्टर जानेवारीतच सुरू होतं, म्हणून हजेरी कमी पडली. पोरगी आता ज्युनिअरांबरोबर बसून तेच पेपर देते आहे.

युरोपात इरॅस्मस ही विद्यार्थी एक्सचेंजची योजना १९८७ पासून चालू आहे. तिथे विद्यार्थी, पाठवणारं कॉलेज आणि घेणारं कॉलेज अशा तिघांच्या सह्या जाण्याआधी होतात आणि यादीतले विषय पास केले की घरच्या कॉलेजला ते मानावेच लागतात. आपल्याकडे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये आली, म्हणजे पास केलेल्या विषयांची क्रेडिट (अभ्यासाच्या भारानुसार मिळणारे अंक) जमा ठेवायचं ऑनलाइन खातं. खातं उघडलं, पण त्यात क्रेडिट भरायची की नाही हे विभागाच्या मर्जीवर. सुधारायचं असेल तर हे सुधारा. सही केली की ती पाळायची.

खारघरकर
ताई, तुमच्या मुलीचं वाईट झालं, मान्य. पण तुमचं सहा महिन्यांत निभावलं. माझ्या मुलासाठी ३४ लाखांचं कर्ज आहे, राहता फ्लॅट तारण. एक वर्षाच्या मास्टर्सला इंग्लंडला पाठवला तेव्हा हिशोब साधा होता: २०२१ पासून तिथे ग्रॅज्युएट रूट हा पदवीनंतरचा व्हिसा आहे, दोन वर्षं नोकरी करता येते, कर्ज फिटेल. मे २०२५ मध्ये त्यांनी श्वेतपत्रिका काढली आणि आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच. कॅनडाने २०२४ च्या सुरुवातीला खात्यात दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून थेट २०,६३५ केली, त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादाही आणली. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचा, हे कुठल्या गल्लीतली पोरं तरी चालवून घेतील का?

माझं म्हणणं एवढंच: फी भरली त्या दिवशी जो नियम होता तोच त्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत लागू राहावा. सरकारने करारात हे लिहून घ्यावं. क्रेडिट जुळली नाहीत तर सहा महिने जातात. इथे घर जाईल.

वाशी सेक्टर १७
दोघांनाही एक सांगते. मी तीन वर्षं परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत कौन्सेलर होते. मुलांकडून आम्ही पैसे घेत नव्हतो, कारण पहिल्या वर्षाच्या फीतला ठरावीक हिस्सा विद्यापीठ आम्हाला द्यायचं. फी जास्त तिथे आमचा हिस्सा जास्त. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नाही, म्हणून तिथलं नाव आम्ही स्वतःहून काढायचोच नाही. एक्सचेंजमध्ये तर कोणालाच काही मिळत नाही. इरॅस्मस मुंडुस या युरोपच्या मास्टर्स योजनेत महिना १,४०० युरो शिष्यवृत्ती असते, फी माफ असते, किमान दोन देशांत शिकता येतं आणि अर्ज थेट करायचा असतो. तीन वर्षांत आमच्या ऑफिसात त्याचा उच्चार झालेला मला आठवत नाही. आईवडील समोर पासबुक घेऊन बसायचे. मला झोप लागेना म्हणून नोकरी सोडली.

खारघरकर, तुमच्या मुलाला इंग्लंड कोणी सुचवलं, ते आठवून बघा.

खारघरकर
आठवलं. वाशीच्याच एका ऑफिसात. पुढे काही बोलत नाही.

नौपाड्याचे मास्तर
मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली ११ अभ्यास मंडळावर होतो. कॉलेजला झोडपणं सोपं आहे. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, आपल्याकडे नव्या आराखड्यात ४०. त्यांचं क्रेडिट एकास एक धरायचं की तीनास दोन, हे एचओडीने ठरवायचं आणि उद्या तपासणी आली की उत्तरही त्यानेच द्यायचं. म्हणून तो ‘जुळत नाही’ लिहून मोकळा होतो.

दुसरं. एक्सचेंज म्हणजे अदलाबदल. त्यांची पोरं इकडे आली तर आपल्या पोरांची फी माफ होते. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशभर मिळून ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्यातले बहुतेक पूर्ण पदवीसाठी आलेले. बाहेर जाणारे आपले दहा लाखांच्या वर. एकाच बाजूने चालणारी अदलाबदल किती दिवस टिकेल? आमच्या कॉलेजात दोन परदेशी मुलं एका सत्रासाठी येणार होती. हॉस्टेलला जागा नाही, आणि ठाण्यातल्या चार सोसायट्यांनी भाड्याने द्यायला नकार दिला. ती आली नाहीत, पुढच्या वर्षी आपल्या दोन जागा गेल्या.

आणि तिसरं, जे कोणाला आवडणार नाही. सरकारी पैशाने जाणाऱ्यांकडून बंधपत्र घ्या. ब्रिटन सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. आपण का मागू नये? लोकांच्या कराचा पैसा आहे.

कळव्याची
मास्तर, ‘लोकांच्या कराचा पैसा’ हे वाक्य कोणाकडे बघून म्हणतात, ते आम्हाला लहानपणापासून कळतं.

१९१३ साली बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेले. काय झालं? राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहावं लागलं, आणि काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी तिथूनही बाहेर काढलं. करार त्यांनी मोडला की गावाने?

माझा भाऊ सरकारी शिष्यवृत्तीवर गेला. दुसरा हप्ता चार महिने उशिरा आला. तेवढ्यात खोलीचं भाडं थकलं, मित्राकडे जमिनीवर झोपला, आईने कळव्यात भिशीतून उचल घेतली. पैसे वेळेवर द्यायचं बंधपत्र सरकार देतं का? आधी ते मागा.

नौपाड्याचे मास्तर
मी कोणाच्या जातीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका.

कळव्याची
लिहिलं नाहीत, बरोबर. पण बाप ३४ लाखांचं कर्ज काढतो त्याच्या मुलाने परत यावं, असं म्हणाला नाहीत. त्या कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, तोही कराचाच पैसा. तिथे बंधपत्र आठवत नाही.

ऐरोली मेकॅनिकल
मी परत आलेला आहे म्हणून बोलतो. २०१९ ला परदेशी मास्टर्स करून आलो, हौसेने. तेव्हा परदेशी पदवी इथल्या पदवीइतकीच आहे असं समकक्षता प्रमाणपत्र आणा म्हणाले. कागद, साक्षांकन, चकरा. तोपर्यंत लेक्चररची जागा भरली गेली. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स आपण मानायची हा करार जुलै २०२२ मध्ये झाला, यूजीसीचे नवे समकक्षतेचे नियम तर एप्रिल २०२५ चे. म्हणजे इतकी वर्षं आपणच ‘परत या’ म्हणत होतो आणि परत आलेल्याची पदवी दारात अडवत होतो. बंधपत्रावर भांडण्याआधी दार उघडं आहे का ते बघा, सर.

नेरूळ पूर्व
एवढं कशाला? नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोची एज्युसिटी, म्हणजे परदेशी विद्यापीठांची वसाहत, होते आहे. जून २०२५ मध्ये यॉर्क, अ‍ॅबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीच्या डिझाइन संस्थेला इरादापत्रं दिली. उलव्याजवळ राहून परदेशी पदवी मिळेल, विषय संपला.

खारघरकर
संपत नाही. इथे बसून घेतलेल्या पदवीवर तिकडचा ग्रॅज्युएट रूट मिळत नाही, त्यासाठी शिक्षण तिथे व्हावं लागतं. फी किती असेल ती असेल, हप्ता फेडायला पगार मात्र इथलाच.

नौपाड्याचे मास्तर
रात्री पुन्हा सगळं वाचलं. कळव्याच्या ताई, बडोद्याचा करार मला माहीत होता. तो या बाजूने कधी पाहिला नव्हता. हप्ता वेळेवर देण्याची हमी आधी, परत येणाऱ्याला नोकरी आधी, मग अट. अट असूच नये हे मात्र मी मानणार नाही. आणि असलीच तर व्याजावर सूट घेणाऱ्यालाही असावी, हा तुमचा मुद्दा मला खोडता आला नाही.

घोडबंदरच्या ताई, मुलीच्या त्या तीन विषयांचं जर्मन वर्णनपत्र आणि आपलं सिलॅबस मला पाठवा. कुठला घटक कुठे जुळतो याचा तक्ता मी करून देतो. सही केलेल्या यादीची झेरॉक्स जोडा आणि अर्ज एचओडीकडे न देता थेट परीक्षा विभागाला द्या, आवक क्रमांक घेऊन.

घोडबंदरची आई
सर, पाठवते. जर्मन वर्णनपत्र मुलीने इंग्रजीत करून ठेवलंय. तिन्ही पेपर १९ तारखेपासून आहेत, तेवढं लक्षात असू द्या.

खारघरकर, फी भरली त्या दिवशीचाच नियम शेवटपर्यंत, हे तुमचं वाक्य मी माझ्या अर्जात घेते आहे. कॉलेजने सही केली त्या दिवशीचं सिलॅबसच धरावं, असं.

खारघरकर
घ्या. सहल म्हणालो ते तुमच्या मुलीबाबत मागे घेतो. बाकीच्यांबाबत नाही.