संसदेतल्या भाषणाची क्लिप फिरतेय, मूळ नोंद कशी ताडून बघायची?

विटा_वाचक:
नमस्कार मंडळी. २६ नोव्हेंबरला आमच्या वाचनालयाच्या दर्शनी फलकावर संविधान दिन आणि मुंबई हल्ल्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन असा एकत्र मजकूर लिहायचा आहे. जावळी तालुक्यातल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळे यांच्यावरचा भाग तयार आहे. त्याखाली दहशतवादावरच्या संसदेतल्या चर्चेतलं एखादं वाक्य घ्यायचं ठरलंय.

ग्रुपवर एका खासदारांची ५० सेकंदांची मराठी क्लिप फिरतेय, खाली ‘लोकसभा, जुलै २०२५’ असं लिहिलंय. मध्येच वाक्य तुटल्यासारखं वाटतं. एका सभासदाने संसदेच्या साइटवरून छापील प्रत काढून आणली, तर त्या भाषणावर चांदणीची (*) खूण आहे. म्हणजे ते कामकाजातून काढून टाकलंय का? शिवाय ‘यूएपीए कायदा १९६७ पासून दहशतवाद्यांसाठीच आहे’ असं क्लिपमध्ये म्हटलंय (यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा). ते बरोबर आहे का? चुकीचं काही फलकावर जायला नको.

कृष्णाकाठ:
आधी क्लिप कुठली आहे ते पक्कं करा. हिरवा गालिचा म्हणजे लोकसभा, लाल म्हणजे राज्यसभा. नव्या इमारतीत कामकाज १९ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालं. मागे जुनं सभागृह दिसत असेल तर क्लिप जुलै २०२५ ची असूच शकत नाही. विधानसभेतली भाषणंही ‘संसदेत’ म्हणून पुढे पाठवली जातात, तेही बघा.

ऑपरेशन सिंदूरवरची चर्चा लोकसभेत २८ आणि २९ जुलैला झाली, राज्यसभेत २९ आणि ३० ला. इथेच घोळ होतो. गृहमंत्री अमित शहा दोन्ही सभागृहांत बोलले. पहलगामचे तीन हल्लेखोर ‘ऑपरेशन महादेव’मध्ये मारले गेले हे त्यांनी २९ ला लोकसभेत सांगितलं. सापडलेल्या रायफली चंडीगडला नेऊन, हल्ल्याच्या जागी, बैसरनला मिळालेल्या पुंगळ्यांशी त्या जुळवून बघितल्याचा तपशीलही तिथेच दिला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत पुन्हा त्याच विषयावर बोलले. दोन्हीकडचे तुकडे एकामागे एक जोडले की ऐकणाऱ्याला एकच भाषण वाटतं. नोंदी मात्र दोन वेगळ्या असतात, तारखाही वेगळ्या. कुणाचंही वाक्य घ्या, पण सभागृह आणि तारीख ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता शोधायचं कसं. संसद डॉट इन वर लोकसभा निवडा, तिथे वादविवादांचा विभाग आहे. १८वी लोकसभा, ५वं अधिवेशन, मग तारीख. सदस्याच्या नावाने शोधू नका, नावाचं स्पेलिंग जरा बदललं की अर्धी भाषणं हाती लागत नाहीत. पूर्ण दिवसाची प्रत उतरवून घ्या. सुरुवातीला येते ती असंशोधित प्रत. ‘असंशोधित, प्रसिद्धीसाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिच्यावर छापलेली असते. तिच्यात अधूनमधून कंसात वेळ आणि अक्षरं येतात. ती वेळ धरून संसद टीव्हीच्या यूट्यूब चॅनेलवरचा पूर्ण व्हिडिओ लावा आणि क्लिपच्या आधीची तीन मिनिटं, नंतरची तीन मिनिटं ऐका. तुटलेलं वाक्य तिथे सापडतं. दुरुस्त केलेली प्रत नंतर येते. फलकासाठी तीच धरा.

मिरज_जंक्शन:
चांदणीचं सांगतो. बहुतेकांची फसगत इथेच होते. लोकसभेच्या प्रतीत एकच चांदणी चार वेगवेगळ्या कारणांनी येते.

अध्यक्षांनी शब्द काढून टाकले तर त्या शब्दांच्या जागी चांदण्या येतात, आणि खाली तळटीप येते की अध्यक्षांच्या आदेशाने वगळले. कामकाज नियम ३८० आणि ३८१ बघा. बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे तेवढेच शब्द जातात, आजूबाजूचं वाक्य राहतं. राज्यसभेत हेच नियम २६१ आणि २६२ ने होतं. दुसरी चांदणी ‘व्यवधान’ या शब्दाला लागलेली असते. गोंधळात परवानगीशिवाय बोललेलं नोंदवलं गेलं नाही, एवढाच तिचा अर्थ. तिसरी असते सभागृहाच्या पटलावर ठेवलेल्या लेखी भाषणाला. ते तोंडी झालेलंच नसतं, त्यामुळे त्याचा व्हिडिओ शोधत बसलात तर दिवस जाईल.

चौथी भाषेची. खासदार मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत बोलले की प्रतीत इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद छापतात आणि भाषणाला चांदणी लावून ‘मूळ भाषण मराठीत’ अशी तळटीप देतात. तुमची क्लिप मराठीत आहे म्हणताय, तेव्हा माझा अंदाज हाच. प्रत पुन्हा हातात घ्या आणि पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचा. वरच्या चांदणीवरून काहीही ठरवू नका.

तळटीप पहिल्या प्रकारची निघाली तर मात्र ते शब्द फलकावर लिहायचे नाहीत. वगळलेला मजकूर छापणं हा विशेषाधिकारभंग (सभागृहाच्या खास अधिकारांचा भंग) ठरू शकतो, सर्च लाइट वृत्तपत्राच्या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलंय. खासदाराला सभागृहात बोलण्याचं संरक्षण अनुच्छेद १०५ देतं. ते बोलणाऱ्याला आहे, आपल्या फलकाला नाही. अनुच्छेद ३६१-क मध्ये वृत्तांकनाला संरक्षण आहे, पण ते वृत्तपत्र आणि प्रसारण डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, तेही कामकाजाचा वृत्तांत मुळाबरहुकूम असेल आणि हेतू वाईट नसेल तरच.

तासगाव_कायदा:
यूएपीएचं विधान चूक आहे, आणि आपल्या भागातल्या लोकांनी तरी ते खपवून घेऊ नये. १९६७ साली हा कायदा झाला तेव्हा गृहमंत्री होते देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण. तेव्हा ते साताऱ्याचे खासदारही होते. तो कायदा फुटीर कारवाया आणि देशाच्या अखंडतेला आव्हान देणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्यासाठी होता. ‘दहशतवादी कृत्य’ ही व्याख्याच त्यात नव्हती.

दहशतवादासाठी आधी टाडा होता, तो १९९५ मध्ये संपला. मग पोटा आला. संसदेवर १३ डिसेंबर २००१ ला हल्ला झाला होता, तरी पोटा राज्यसभेत फेटाळला गेला. शेवटी २६ मार्च २००२ ला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झाला. २००४ मध्ये पोटा रद्द केला आणि त्याच वेळी दहशतवादाचं प्रकरण यूएपीएमध्ये घातलं. मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायदा आला आणि यूएपीएमध्ये कलम ४३-ड. त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते आणि जामीन फार अवघड झाला. एकट्या व्यक्तीला दहशतवादी घोषित करण्याची तरतूद २०१९ ची. भाषणात ‘यूएपीए’ ऐकलं की कोणत्या सालचा, हे आधी विचारायचं. जुन्याला नवा समजून केलेली विधानं सगळ्याच पक्षांच्या भाषणांत सापडतात.

विटा_वाचक:
मंडळी, मनापासून आभार. तळटीप वाचली, चौथाच प्रकार निघाला, मराठी भाषणाचा इंग्रजी अनुवाद. आणि अनुवादात त्या वाक्याच्या आधी एक अट आहे, ‘जर तपास यंत्रणांना मनुष्यबळ दिलं तर’ अशा अर्थाची. क्लिपमध्ये ती कापलीय. आता इंग्रजीवरून मराठी करून लिहू का?

कृष्णाकाठ:
नको. उलटा अनुवाद केला की शब्द तुमचे होतात आणि खाली नाव त्यांचं लागतं. पूर्ण व्हिडिओ ऐकून खासदारांचे मराठी शब्द जसेच्या तसे उतरवा, त्या अटीसकट. अर्थ इंग्रजी प्रतीशी ताडून बघा. काही गाळलं तर तीन टिंबं द्या. खाली सभागृह, तारीख आणि ‘मूळ मराठी भाषण, ध्वनिचित्रफितीवरून’ एवढं लिहा. यूएपीएचं वाक्य घेऊच नका. जागा उरली तर तिथे यशवंतरावांचा १९६७ चा संदर्भ टाका, देवराष्ट्रे विट्याहून लांब नाही.