पोलीस न विचारता, कागद न दाखवता घरात घुसू शकतात का?

मोगरा: परवा रात्री अकराच्या सुमारास दोन पोलीस आले, एक वर्दीत एक साध्या कपड्यात. दिराचं नाव घेतलं, म्हणाले मारामारीच्या केसमध्ये पाहिजे. मी सांगितलं तो कधीचाच वेगळा राहतो तरी सरळ आत शिरले. खोल्या, बाथरूम, गॅलरी बघितली ते एकवेळ समजू शकते पण कपाट उघडून माझा दागिन्यांचा डबासुद्धा उघडला, सासूबाई तर रडायलाच लागल्या. वॉरंट विचारलं तर "लागत नाही, कायदा शिकवू नका". जाताना कोऱ्या कागदावर सही मागितली, मी दिली नाही. खरंच वॉरंट लागत नाही का?

काळा_कोट: ताई, सही दिली नाहीत ते फार बरं केलंत. आता उत्तर. ज्याला अटक करायचा अधिकार आहे तो माणूस घरात आहे असं मानायला सबळ कारण असेल तर पोलीस वॉरंटशिवाय आत येऊ शकतात, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४४ (१ जुलै २०२४ च्या आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४७ होतं). त्यामुळे "वॉरंट लागत नाही" हे दरवेळी खोटं नसतं. पण आधी हे शोधा की एफआयआर आहे की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद). साध्या मारहाणीची नुसती एनसी असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास पण करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटक पण नाही, मग ते रात्री तुमच्या घरात कशाच्या जोरावर आले?

आणि डब्याचं म्हणाल तर ४४ माणूस शोधण्यासाठी आहे. वस्तू शोधायला विनावॉरंट झडती घ्यायची तर कलम १८५, त्यात अधिकाऱ्याने कारणं आणि काय शोधायचंय ते आधी लेखी नोंदवायचं, दोन पंच लागतात, झडतीचं मोबाईलवर शूटिंग करायचं, जप्तीच्या यादीची कॉपी घरच्यांना द्यायची, आणि त्या नोंदी ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेल्या पाहिजेत. यातलं काही झालं का तुमच्याकडे?

सह्याद्री७: कायदा सगळा बरोबर आहे हो पण रात्री अकराला दारात वर्दी बघून कलम कोणाला आठवतं? आमच्या चाळीत तर लोक आधी हात जोडतात. ताई, तुम्ही कागद मागितला हेच खूप आहे.

काळा_कोट: म्हणूनच दारात भांडू नका, हाताने अडवलंत तर सरकारी कामात अडथळा म्हणून उलट तुमच्यावर केस होईल. नाव, बक्कल नंबर, पोलीस ठाणं विचारा आणि लिहून ठेवा. आणि रात्री-अपरात्री दार ठोठावण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच खडक सिंग केसमध्ये सांगितलंय, उत्तर प्रदेश पोलीस संशयिताच्या घरी पाळत म्हणून रात्री जायचे तो नियमच घटनाबाह्य ठरवला. तुमची केस वेगळी आहे पण घर म्हणजे काय ते तिथे नीट मांडलंय.

गच्चीवरून: सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज आजच्या आज कॉपी करून घ्या, ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मग वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका, घेत नसतील तर डीसीपी किंवा एसपी ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने.

मोगरा: सगळ्यांचे आभार. मिस्टर ठाण्यात जाऊन आले, एनसीच आहे, एफआयआर नाहीच!! सेक्रेटरींनी फुटेज पेनड्राइव्हवर दिलंय, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतायत. पंच नव्हते, शूटिंग नव्हतं, हे सगळं अर्जात लिहितेय. सासूबाई म्हणतायत नको नादी लागू, पण मी उद्या अर्ज देणारच आहे.