मदत हवी आहे: स्कायरिममध्ये एकटी रमणारी मी, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनच्या गर्दीत जाऊ का?

कूलरमागची

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते. प्रश्न खेळाचा आहे, पण थोडं मागून सांगावं लागेल.

२०१२ चा उन्हाळा. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. धाकट्या भावाने बर्डीवरच्या एका दुकानातून स्कायरिमची डिस्क आणली, म्हणजे एल्डर स्क्रोल्स मालिकेतला एकट्याने खेळायचा खेळ. कूलरसमोर एक कॉम्प्युटर, एक खुर्ची, आणि नियम एकच: मेलं की खुर्ची सोडायची. तो तलवार उपसून कुठेही घुसायचा आणि दहा मिनिटांत उठायचा. मी सावलीत लपून बाण मारायची, त्यामुळे तास तास मरायचीच नाही. "ही चीटिंग आहे ताई," हे त्याचं तेव्हापासूनचं म्हणणं.

मग मी उलटी मागे गेले. त्याच मालिकेतला आधी २००६ चा ओब्लिव्हियन, मग २००२ चा मॉरोविंड. मॉरोविंडमध्ये कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. कोणीतरी सांगतं, नदीच्या कडेनं जा, मोठा खडक लागला की डावीकडे वळा. नागपूरच्या महाल भागात पत्ता विचारल्यासारखं. अर्धा वेळ चुकण्यात जातो, पण मी जे काही सुंदर पाहिलं ते चुकतानाच पाहिलं.

आता भाऊ दोन वर्षांपासून जर्मनीत आहे आणि मागे लागलाय की एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन घे, तेच जग पण हजारो लोक एकत्र खेळतात, आपण सोबत खेळू. "ताई, येऊन पाह्य तर खरी." मी वर्षभर टाळतेय. खरं सांगायचं तर २०१२ मध्ये ऑनलाइनची घोषणा झाली तेव्हापासूनच माझ्या मनात अढी आहे.

मला त्या जगात एकटीनं असणं आवडतं. रात्री बर्फात चालत जावं, लांब एखादा दिवा दिसावा, एवढंच. यूट्यूबवर ऑनलाइनचं एक शहर पाहिलं तर चौकात चाळीसेक लोक, कोणी चमकत्या वाघावर बसलेलं, कोणी उगाच गोल गोल उड्या मारतंय. आणि समोरचं पात्र गंभीर चेहऱ्यानं सांगून राहिलंय की जगाला वाचवणारा तूच. अहो, मग हे मागचे चाळीस कोण?

दुसरं, पॉज. हे वाचून तरुण मंडळी हसतील. पण मी खेळते कशी, तर कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत, सासूबाईंची हाक येईपर्यंत, दाराची बेल वाजेपर्यंत. ऑनलाइनमध्ये पॉज नाही म्हणे. क्विकसेव्हही नाही, म्हणजे एक बटण दाबून खेळ आहे तिथे साठवायची सोय. माझं बोट दर दोन मिनिटांनी आपोआप एफ-फाइव्हवर जातं, त्याचं काय करू?

तिसरं, इथली वीज आणि नेट. एप्रिल-मेमध्ये वादळ आलं की दोन्ही जातात. सर्व्हर तिकडे युरोपात, मी इकडे मानेवाड्यात.

आणि शेवटचं, पैसे भरून घेतलेला खेळ उद्या सर्व्हर बंद करून काढून घेतला तर? माझी मॉरोविंडची डिस्क अजून कपाटात आहे आणि चालते.

जाऊ की नको? खेळलेल्यांनी सांगा. नुसतं "मस्त आहे" नको.

---

तर्री_कमी

मानेवाडा! मी प्रतापनगर. आधी वीज-नेटचं सांगतो, कारण बाकीचे तिकडे तत्त्वज्ञानात शिरतील.

वायफायवर खेळू नका, राउटरपासून वायर ओढा. राउटरला छोटा यूपीएस लावा, इन्व्हर्टर असला तरी, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या त्या एका क्षणात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तुम्ही बाहेर. मला युरोपच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, दीडशे ते दोनशे मिलिसेकंदांच्या मधे मिळतो. कथा खेळायला चालतो. बाण मारला आणि किंचित उशिरा लागला, एवढंच. सायरोडिलमध्ये माणसं विरुद्ध माणसं मोठ्या लढाया असतात, तिथे मात्र जाऊच नका, आपण मेलो हेही आपल्याला उशिरा कळतं.

नेट गेलं तरी केलेलं काम जात नाही, ते सर्व्हरवर असतं. परत आलात की साधारण तिथेच उभ्या असाल. एफ-फाइव्हची गरजच नाही. मेलात तर तिथल्या तिथे उठता येतं, थोडं सामान दुरुस्त करावं लागतं.

पॉज नाही हे खरं. मी कुकरसाठी गावात जाऊन उभा राहतो.

---

जुना_खेळगडी

ताई, तुमची अढी चुकीची नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर ऐकू नका.

आम्ही वॉरक्राफ्टवाले. २००२ मध्ये तिसरा भाग आला, २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, आणि चौथा भाग आजतागायत नाही. कथा पुढे सरकली, पण सगळी ऑनलाइनमध्ये. ज्याला एकट्याने बसून तो खेळ खेळायचा होता त्याला दार बंद. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकचंही तेच. २००३ आणि २००४ मध्ये दोन अप्रतिम भाग, मग २०११ च्या डिसेंबरात त्याच जुन्या काळात घडणारा ऑनलाइन खेळ, आणि तिसरा भाग आलाच नाही. फॉलआउट ७६ हा त्या मालिकेतला ऑनलाइन भाग तर २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात बोलायला एक जिवंत माणूस नव्हता, सगळे रोबो आणि रेकॉर्ड केलेल्या टेप. माणसं टाकली २०२० च्या एप्रिलात. दीड वर्ष लोक ओसाड गावात फिरले.

सर्व्हर बंद होण्याचं म्हणाल तर द क्रू हा गाड्यांचा खेळ ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. एकट्याने खेळायचा भाग होता तोही गेला. पैसे देऊन घेतलेला. त्यावरूनच युरोपात खेळ मारू नका म्हणून चळवळ उभी राहिली.

आणि ताजी गोष्ट. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन सुरुवातीपासून चालवणारे मॅट फिरोर जुलै २०२५ मध्ये बाहेर पडले, त्यांच्या स्टुडिओचा नवा खेळ मायक्रोसॉफ्टने रद्द केला. मी तरी आता त्या घरात नवीन सामान हलवणार नाही.

---

निळी_शाई

गडी, तुझं अर्धंच खरं आहे. सोयीची उदाहरणं उचललीस.

फायनल फँटसीचा अकरावा भाग २००२ मध्येच ऑनलाइन होता. त्यानंतर बारावा, तेरावा, पंधरावा, सोळावा, सगळे एकट्याने खेळायचे आले. चौदावा ऑनलाइन २०१० मध्ये आला तो इतका वाईट की त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला, आणि आज लोक त्याची कथा डोळे पुसत सांगतात. ड्रॅगन क्वेस्टचा दहावा भाग जपानात २०१२ मध्ये ऑनलाइन आला, तर २०२२ मध्ये त्यांनी त्याची ऑफलाइन आवृत्तीही काढली. म्हणजे मालिका मरते की नाही, हे ती ऑनलाइन जाण्यावर नाही, मागे एकट्या खेळाडूसाठी कोणी काम करतंय का यावर आहे.

एल्डर स्क्रोल्सच्या बाबतीत ते करणारे वेगळे लोक आहेत. ऑनलाइन बनवला झेनिमॅक्स ऑनलाइनने. स्कायरिम बेथेस्डा गेम स्टुडिओजचा. सहावा भाग रखडलाय तो ऑनलाइनमुळे नाही, मधे त्याच लोकांनी फॉलआउट ४ आणि मग २०२३ मध्ये स्टारफील्ड काढला म्हणून. २०१८ च्या जूनमध्ये सहाव्या भागाची झलक म्हणून डोंगरांचं ते छत्तीसेक सेकंदांचं दृश्य दाखवलं आणि त्यावर आपण आजवर जगतोय. त्याचा राग काढायचा तर योग्य दारावर काढा.

---

वाळवंटी_मांजर

मी खेळतो. २०१५ पासून, मधे सोडून सोडून. त्यामुळे जमिनीवरचं सांगतो.

२०१४ च्या एप्रिलात आला तेव्हा तुमची भीती शंभर टक्के खरी होती. महिन्याला पंधरा डॉलर वेगळे, जग तीन गटांत वाटलेलं, आपल्या गटाबाहेरचं मोकळेपणाने फिरता यायचं नाही, पातळी कमी असेल तर पुढच्या प्रदेशात गेलात की पहिला लांडगाच फाडून खायचा. एल्डर स्क्रोल्सचं सुखच काय तर तुरुंगातून बाहेर पडायचं आणि वाटेल त्या दिशेला चालायचं, आणि नेमकं तेच नव्हतं. मार्च २०१५ मध्ये महिन्याची सक्ती गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये गटांच्या भिंती पाडल्या आणि शत्रू तुमच्या बरोबरीचे होतील अशी सोय केली. तेव्हापासून हा खेळ एकट्याने खेळण्यासारखा झाला. भाडेकरूला दहा वर्षांनी घर आपलं वाटावं तसं.

कथा स्कायरिमच्या सुमारे हजार वर्षं आधीची आहे, त्यामुळे तुमचं स्कायरिम कोणी बिघडवत नाही. प्रत्येक पात्र आवाजात बोलतं, अगदी कोंबड्या हरवलेला शेतकरीसुद्धा. गर्दी शहरांच्या चौकात आणि बँकेपाशी. रानात, पडक्या देवळांत, एखाद्या बेटावर रात्री कोणी नसतं. पण हो, गुहेत शिरलात आणि राक्षस आधीच कोणी मारून गेलंय, असं होईल. ते मलाही अजून टोचतं.

काय मिळणार नाही तेही ऐका. टेबलावरची वाटी उचलून फेकता येत नाही. दुकानदाराच्या डोक्यावर बादली ठेवून दुकान लुटणं विसरा. वस्तू जागच्या जागी चिकटलेल्या असतात. चोरी मात्र आहे, पहारेकरी दंड मागतात, चोरीचा माल घेणारे दलालही आहेत. जग बदलणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच खेळात केलेले फेरफार, नाहीत, फक्त पडद्यावरच्या माहितीत भर घालणारे ॲड-ऑन.

पैशांचं: फक्त मूळ खेळ घ्या, सवलतीत घ्या. ईएसओ प्लस (एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनची ऐच्छिक वर्गणी) लगेच घेऊ नका. ते तुम्हाला एकाच कारणासाठी घ्यावंसं वाटेल, सामानाच्या पिशवीसाठी. त्यात कच्चा माल हवा तितका ठेवता येतो, आणि त्याशिवाय दर अर्ध्या तासाला काय टाकू काय ठेवू करत बसावं लागतं. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे असं माझं मत. क्राउन क्रेट नावाच्या नशिबाच्या पेट्यांना तर हात लावू नका, ती जत्रेतली रिंग टाकायची गाडी आहे.

आणि तुम्ही मॉरोविंडवाल्या आहात म्हणून: मॉरोविंड जिथे सुरू होतो त्या सेदा नीनला जा. ऑनलाइनच्या २०१७ च्या मॉरोविंड भागात तेच बंदर, तेच दलदलीतलं गाव, मॉरोविंडच्या सातशे वर्षं आधीचं. व्हिवेक शहर अजून बांधून होतंय, भिंतींना परांच्या आणि शिड्या लागल्या आहेत. मी तिथे पहिल्यांदा उतरलो तेव्हा अर्धा तास काही केलं नाही.

---

कूलरमागची

सगळ्यांचे आभार. गडी, तुमचं वाचून बंद करणार होते, मग मांजराचं वाचलं. बांधकाम चालू असलेलं व्हिवेक! हे मला भावाने का नाही सांगितलं?

आता शंका: त्याने सगळी कथा केव्हाच संपवली आहे. मग आम्ही सोबत खेळू शकतो का, की तो पुढे पळणार आणि मी मागून धावणार?

---

वाळवंटी_मांजर

त्याला नवीन पात्र बनवायला सांगा. दोघं एकाच टप्प्यावर असाल तर गावागावातली कामं एकत्र होतात. मुख्य कथेचे काही प्रसंग मात्र एकट्यानेच करावे लागतात, तिथे दुसऱ्याला आत घेत नाहीत. दोघांनी युरोपचाच सर्व्हर निवडा, अमेरिकेवर बनवलेलं पात्र तिकडे नेता येत नाही. भाऊ नसताना एकटं वाटलं तर २०२१ पासून खेळातलाच साथीदार सोबत घेता येतो, पण त्यांना प्रत्येकाला आवडीनिवडी आहेत, रुसतात.

---

तर्री_कमी

आणि वेळ बघून घ्या ताई. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. भाऊ जेवून रात्री नऊला बसला की इथे साडेबारा. सकाळी शाळा-ऑफिस असेल तर शनिवार बरा.

---

जुना_खेळगडी

घ्याच मग. पण मॉरोविंडची डिस्क सांभाळून ठेवा, तिचा सर्व्हर तुमच्या कपाटात आहे.

---

कूलरमागची

दहा दिवसांनी लिहितेय.

घेतला, सवलतीत, मूळ खेळ आणि मॉरोविंडचा भाग. डाउनलोड दोन रात्री चाललं. राउटरला यूपीएस लावला, तर्रीभाऊ, त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला.

शनिवारी सेदा नीनला उतरलो. भाऊ नव्या पात्राने आलाय, आणि सवयीप्रमाणे तलवार उपसून पुढे धावला. मी मागे झुडपात. दलदलीत दोघं मिळून एका खेकड्यामागे लागलो होतो तेवढ्यात आत हाक आली. मी हेडफोन काढून पळाले. सासूबाईंना गोळ्या काढून देऊन पाच मिनिटांनी परत आले तर माझं पात्र तिथेच उभं, भाऊ समोर उभा, आणि आजूबाजूला तीन मेलेले खेकडे. "मेलं की खुर्ची सोडायची" म्हणाला, "पण मी मरू दिलं नाही."

गर्दी आहेच. बंदरावर त्या वाघवाल्याला अजून बघवत नाही. पण गावाबाहेर दहा मिनिटं चाललं की कोणी नाही.

आता एकच तक्रार. तबेल्यात दुसऱ्याचा घोडा उभा होता, मी लपत लपत गेले, आणि चोरताच येत नाही! स्कायरिममध्ये मी कधी घोडा विकत घेतला नव्हता. मांजरा, हे आधी सांगायला काय झालं होतं?