सोसायटीच्या पीसीवर ‘विंडोज ११ घ्या’ची पाटी सारखी येते, कायमची कशी घालवावी?

घणसोलीकर:
सोसायटी ऑफिसचा पीसी आहे. आय५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १० होम ६४ बिट, २२एच२ आवृत्ती. मेंटेनन्सची बिलं काढताना मध्येच स्क्रीनभर विंडोज ११ची जाहिरात येते. मॅनेजर घाईत होकार दाबतील अशी भीती आहे. बिलिंग व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं आहे, बनवणारा आता फोन उचलत नाही. ऑडिट होईपर्यंत विंडोज बदलायचं नाही. कमिटीने ₹५०० मंजूर केलेत, वर एक रुपयाही नाही.

पाचपाखाडीचा:
नवीन मशीनच घ्या. १६ जीबी रॅम, वेगवान एनव्हीएमई डिस्क, वाशीला रघुलीलात चक्कर मारा. सिंकिंग फंड असेलच की!

कळवेकर:
सिंकिंग फंड पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, तोही सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने. पीसीला हात लावाल तर ऑडिटर आधी तेच लिहील.

नेरूळ_नेटवर्क:
सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करा. दोन मिनिटांचं काम.

वर्तकनगर_टेक:
नका करू. विंडोज अपडेट मेडिक नावाची दुसरी सर्व्हिस ती परत चालू करते. आणि खरंच बंद राहिली तर सिक्युरिटी अपडेटही जातात. तुम्हाला अपग्रेड थांबवायचंय, अपडेट नाही.

अपग्रेड रोखायची पॉलिसी ग्रुप पॉलिसी एडिटरमधून लावतात, पण होमवर तो नसतो; तेच रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जची अंतर्गत नोंदवही) करा. रजिस्ट्री एडिटर अॅडमिन म्हणून उघडा. एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE) > सॉफ्टवेअर > पॉलिसीज > मायक्रोसॉफ्ट > विंडोज इथे जा. आधी ही की (रजिस्ट्रीतला फोल्डर) एक्सपोर्ट करून ठेवा. आत ‘विंडोजअपडेट’ नसेल तर बनवा आणि त्यात तीन नोंदी करा: ‘टार्गेटरिलीजव्हर्जन’ हा डीवर्ड (आकड्याची नोंद), किंमत १. ‘टार्गेटरिलीजव्हर्जनइन्फो’ ही स्ट्रिंग (मजकुराची नोंद), किंमत २२एच२. ‘प्रॉडक्टव्हर्जन’ ही स्ट्रिंग, किंमत विंडोज १०. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. नोंदींची नावं सलग, फक्त शेवटच्या किमतीत विंडोज आणि १० यांच्यामध्ये जागा.

तिसरी नोंद लोक हमखास गाळतात. २२एच२ नावाची आवृत्ती विंडोज ११चीही आहे, त्यामुळे प्रॉडक्ट सांगावंच लागतं. मग रीस्टार्ट. अपडेटच्या पानावर ‘काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ अशा अर्थाची ओळ दिसली की पॉलिसी लागली. ऑडिट झाल्यावर तिन्ही नोंदी पुसल्या की पूर्ववत.

नेरूळ_नेटवर्क:
एवढ्यापेक्षा इंटरनेट मीटर्ड (डेटा मोजून वापरायचं कनेक्शन) करा किंवा अपडेट ३५ दिवस पॉज करा.

वर्तकनगर_टेक:
मीटर्ड केल्याने मोठं डाउनलोड अडतं, पाटी अडत नाही. पॉज संपला की आधी अपडेट घ्यावेच लागतात, मगच पुन्हा पॉज.

कळवेकर:
स्क्रीनभर येणाऱ्या पाट्यांपैकी काही वेगळ्या ठिकाणाहून येतात. सेटिंग्ज > सिस्टिम > नोटिफिकेशन्स अँड अॅक्शन्स इथे खाली वेलकम एक्स्पिरियन्स, सेटअप पूर्ण करा आणि टिप्स, या तिन्हींसमोरच्या टिकच्या खुणा काढा. रजिस्ट्री केली तरी हेही कराच.

पाचपाखाडीचा:
विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून म्हणतोय नवीन घ्या.

कळवेकर:
ईएसयू (सपोर्ट संपल्यावरचे वाढीव सिक्युरिटी अपडेट) आहे ना, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. २२एच२ हवं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन हवं. विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. हिशेबाचे फोल्डर वनड्राइव्हवर चढवू नका, फुकटची ५ जीबी लगेच भरते. बाकी व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ विंडोज ११वरही चालतं.

पाचपाखाडीचा:
तेच तर. चालतं, मग अडलंय कुठे?

घणसोलीकर:
सगळ्यांचे आभार. सेक्रेटरींशी बोललो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट कोणाच्या नावाने काढायचं यावरच कमिटीचं एकमत होईना आणि रजिस्ट्रीला हात लावायला कोणी तयार नाही. पीसीची इंटरनेटची वायर काढून टाकली. बिलांची पीडीएफ पेनड्राइव्हने सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर जाईल.

वर्तकनगर_टेक:
मला हे पटलेलं नाही. अपग्रेडच्या फाइल्स आधीच उतरल्या असतील तर नेटशिवायही पाटी येऊ शकते. डिस्क क्लीनअप > क्लीन अप सिस्टिम फाइल्समध्ये ‘टेम्पररी विंडोज इन्स्टॉलेशन फाइल्स’ दिसल्या तर काढा. ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद करा. डिफेंडर या अँटीव्हायरसच्या व्याख्या (व्हायरस ओळखायची यादी) आता जुन्या होत जाणार, म्हणून पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपवर स्कॅन करा, मगच पीसीला लावा. आणि डेटा फोल्डरची एक प्रत दर महिन्याला दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.